भोगव्याला तीन रात्री, आईसोबत

आई सत्तरीची. तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नागपूरचा अंबाझरी तलाव, नाहीतर पुरातली कन्हान नदी. म्हणून जानेवारीत तिला समुद्र दाखवायला सिंधुदुर्गातल्या भोगव्याला नेलं. नागपूर-मडगाव थेट गाडी आठवड्यातून दोनच दिवस, तीही पनवेलचा वळसा घालून. कुडाळला उतरेपर्यंत जवळपास पूर्ण दिवस जातो. तिथून परुळ्यामार्गे रिक्षा. कंबर बोलते, आधीच सांगून ठेवतो.

‘रिसॉर्ट’ फक्त पाटीवर. माडांखाली पाच खोल्या, मागं मालकांचं कौलारू घर, स्वयंपाकही तिथंच. टीव्ही नाही. फोनला रेंज हवी तर विहिरीजवळ उभं राहायचं.

पहिल्याच जेवणाला मालकांकडच्या काकी म्हणाल्या, “काळ्या वाटाण्याचा सांबारा केलंय.” आमच्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. आई म्हणाली, “वरून चिमूटभर टाका, बस झालं ना बाई.” आला वाटीभर रस्सा! मग तिनंच आंबोळीसोबत दोनदा मागून घेतला. मी सावजीवर वाढलेला, नारळाच्या वाटणाला मनातल्या मनात हसत होतो. तेवढ्यात बांगड्याच्या कढीतलं अख्खं तिरफळ दाताखाली आलं आणि जीभ झिणझिणून गेली. ते चावायचं नसतं, बाजूला काढायचं असतं, हे काकींच्या मुलानं पोटभर हसून झाल्यावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. पंचवीस-तीस माणसं दोन बाजूंनी दोर ओढत जाळं काठाला आणत होती. मीही दोर धरला. तळहाताला फोड आले, पण ओढणाऱ्याला वाटा मिळतो, त्या हिशेबानं पाच बांगडे हातात पडले. काकींनी दुपारी तेच तळून वाढले, बिलात धरले नाहीत.

आई पहिला दिवस मांडवाखालून हललीच नाही, काकींसोबत नारळ खवत बसली. दुसऱ्या संध्याकाळी घोट्यापर्यंत पाण्यात गेली आणि ओरडली, “अरे, पायाखालची रेती पळते ना!” समोर देवबागेकडे पर्यटकांच्या बोटींची लगबग चालू होती, आमच्या बाजूला कुत्रं आणि आम्ही दोघं. मात्र कर्ली नदीच्या मुखाकडे पोहायला जाऊ नका, तिथं ओढ फार. मालकांनी मला चक्क रागावून परत आणलं.

आता तक्रार. मोरीची फरशी गुळगुळीत आणि धरायला कठडा नाही. म्हाताऱ्या माणसाला नेणार असाल तर हे विचारून घ्या. आंघोळीचं पाणी बंबातलं, सातच्या आत मिळत नाही. खोलीचे दिवसाला 2,200 रुपये, जेवण वेगळं. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा माशांच्या आशेनं जाऊ नका.

बुकिंग फोनवरच होतं. दुपारी एक ते चार लावू नका, काकी झोपलेल्या असतात.