नोटरीच्या शिक्क्याने घटस्फोट होत नाही

कोर्टाची पायरी न चढता घटस्फोट करून देतो, असं कुणी म्हटलं की तिथूनच परत फिरा. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या आसपास वावरणाऱ्या एका माणसाने माझ्या धाकट्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाही असाच गंडा घातला. 42,000 रुपये गेले. पैशांपेक्षा भयंकर गोष्ट ही की त्याने दिलेल्या कागदाच्या भरवशावर बहिणीचं दुसरं लग्न ठरत आलं होतं.

भांडण नव्हतं, हे आधी सांगते. दोघंही दोन वर्षांहून जास्त काळ वेगळे राहत होते, मूलबाळ नाही, दागिने आणि भांडीकुंडी परत मिळालेली. बहीण मानेवाड्याला आईकडे, तो वर्ध्याला. समजुतीने मोकळं व्हायचं एवढंच दोघांना हवं होतं. अशीच माणसं या लोकांना सोपी सापडतात, कारण त्यांना कोर्टकचेरीची भीती असते आणि वाद नसल्यामुळे काम कागदापुरतंच आहे असं वाटतं.

हा माणूस एका टायपिंगच्या दुकानात बसायचा. काळा कोट नाही, पण बोलण्यात सगळी कलमं. “ताई, तुम्ही काऊन टेन्शन घेता? मी करून राहिलो न सगळं. तुम्हाला फक्त सह्या करायला यायचं आहे.” कुठल्या वकिलांकडे काम करता, असं बहिणीने विचारलं तेव्हा “साहेब हायकोर्टात असतात” एवढंच उत्तर मिळालं. साहेबांचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं, कारण त्यात अर्धं खरं होतं. हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 13-ब प्रमाणे परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, दोघांनी मिळून याचिका करावी लागते आणि त्यानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने सुप्रीम कोर्टाने 2017 साली काढून टाकले, असं त्याने सांगितलं. काढून टाकलेले नाहीत. योग्य प्रकरणात न्यायाधीश ती मुदत माफ करू शकतात, एवढंच त्या निकालात आहे. त्यासाठीही अर्ज कोर्टातच द्यावा लागतो. हा अर्धा भाग त्याने गिळला आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘घटस्फोटनामा’ टाइप करून नोटरीसमोर दोघांच्या सह्या घेतल्या. सोबत चार-पाच कोऱ्या कागदांवरही घेतल्या, “वकालतनाम्यासाठी”, म्हणजे वकिलाला आपल्या वतीने उभं राहण्याचा अधिकार देणाऱ्या कागदासाठी, म्हणून.

नोटरी सही कुणाची आहे ते पाहतो. लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि कायदा ती रूढी मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि आमच्यात तशी काही रीत नाही.

मग पैशांचे हप्ते सुरू झाले. कोर्ट फी म्हणून 8,000. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, हे आम्हाला नंतर कळलं. निकालाच्या नकलेचे 3,000. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना कोर्टाने फुकट द्यायची, असं हिंदू विवाह कायद्याच्याच कलम 23 मध्ये लिहिलेलं आहे. पैसे प्रत्येक वेळी यूपीआयने, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. पावती मागितली की “शेवटी एकत्र देतो.”

शेवटी त्याने दिला तो ‘कोर्टाचा निकाल’.

अमरावतीहून स्थळ आलं होतं. मुलाचे काका कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून तो कागद आधी उलटा केला, मग सुलटा. “नक्कल मागितल्याची तारीख कुठे आहे? तयार झाल्याची, दिल्याची?” प्रमाणित नकलेवर या तारखा असतात, यावर एकही नव्हती. गोल शिक्क्यातली अक्षरं फोटोकॉपीसारखी फुटलेली. निकालाच्या तारखेवर त्यांनी बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. त्या दिवशी रविवार होता.

त्यांनी मोबाईलवर ई-कोर्ट्स, म्हणजे कोर्टातल्या प्रकरणांची माहिती देणारी सरकारी सेवा, उघडून दोघांच्या नावाने शोधलं. काहीच नाही. खऱ्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात एमएचने. तो टाकला की पुढची तारीख, न्यायालय, टप्पा सगळं दिसतं, पैसे लागत नाहीत. त्या काकांचे उपकार आम्ही विसरणार नाही. हे लग्न तसंच लागलं असतं तर ते कायद्याने रद्दबातल ठरलं असतं, आणि पहिला जोडीदार हयात असताना, कायदेशीर घटस्फोट न होता केलेलं दुसरं लग्न हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. माझ्या बहिणीच्या वाट्याला हे आलं असतं, आणि तो दुकानात बसून पुढच्या गिऱ्हाईकाला ताई म्हणत राहिला असता. आजही मला याचा संताप येतो.

पोलिसांत तक्रार दिली आहे. खोटा निकाल, यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवरचे आवाजी निरोप सगळं जोडलं. कोऱ्या कागदांवरच्या सह्यांचा उल्लेख तक्रारीत मुद्दाम केला, उद्या त्यावर काय छापलं जाईल सांगता येत नाही.

खरी याचिका आता कौटुंबिक न्यायालयात दाखल झाली आहे. बहीण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेली. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्यानेच. वकील बाईंनी पहिल्याच भेटीत लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांची आधार कार्डं मागितली आणि वेगळे राहायला लागल्याची नेमकी तारीख विचारली. याचिका नागपुरात होईल का ही शंका होती, कारण लग्न वर्ध्याला झालेलं. लग्न जिथे झालं किंवा शेवटचे दोघं जिथे एकत्र राहिले तिथे, तसंच पत्नी सध्या राहते तिथेही याचिका चालते. मसुद्यातली प्रत्येक ओळ त्यांनी मराठीत वाचून दाखवली, पोटगी सोडते आहेस का, हे दोनदा विचारलं, आणि मगच सही घेतली. विवाह समुपदेशकांसमोर दोघांनाही बसावं लागलं. वकालतनाम्यावर वकिलांचं नाव आणि सनद क्रमांक छापलेला आहे.

तुमच्या घरी किंवा नात्यात कुणाकडे नुसत्या नोटरीचा घटस्फोटनामा असेल, तर आजच ई-कोर्ट्सवर नाव टाकून पाहा. सापडलं नाही तर लग्नाची बोलणी थांबवा आणि 15100 वर फोन करा, ती विधी सेवेची हेल्पलाइन आहे.