± कसं काढायचं: सरळ बेरीज, क्वाड्रेचर की मॉन्टे कार्लो?

रीडिंग झालं, सूत्रात टाकलं, उत्तर आलं, आणि आता त्याच्यापुढे ± किती लिहायचं, म्हणजे उत्तर किती इकडे-तिकडे असू शकतं, इथे बरेचजण अडकतात, कारण पद्धती तीन आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

सरळ बेरीज सोपी. बेरीज-वजाबाकी असेल तर नुसत्या एरर मिळवा, गुणाकार-भागाकार असेल तर टक्के मिळवा. लांबीत 2%, रुंदीत 3%, तर क्षेत्रफळात 5%. क्वाड्रेचरमध्ये तेच टक्के आधी वर्ग करून मिळवायचे आणि मग वर्गमूळ, म्हणजे √13, साधारण 3.6%. बेरीज असं धरून चालते की दोन्ही चुका एकाच वेळी पूर्णच्या पूर्ण आणि त्याही एकाच बाजूला जाणार, आणि मापं स्वतंत्र असतील तर असं क्वचितच होतं. तेव्हा मापं स्वतंत्र असतील तर क्वाड्रेचरच घ्या, तिथे मला शंका नाही.

पण स्वतंत्र आहेत का हे खरंच बघा हो, सगळं तिथेच बिघडतं. लंबकावरून g (गुरुत्वीय त्वरण) = 4π²L/T² काढताना (L म्हणजे लंबकाची लांबी, T म्हणजे एका दोलनाचा वेळ) T मध्ये 1% असेल तर T² मध्ये 2% च धरायचे, √2 म्हणजे 1.4% नाही, कारण एकच T स्वतःशी गुणलाय, तो वर गेला तर दोन्हीकडे वरच जाणार. एकाच चुकीच्या पट्टीने मोजलेली लांबी-रुंदी असेल तरी पट्टीची ती चूक सरळच मिळवायची. आणि या g मध्ये L चे 0.1% क्वाड्रेचरने घातले तर एकूण 2.0025% होतात, म्हणजे L ने काहीच बिघडत नाही, सगळा भार T वर आहे, त्यामुळे चांगली पट्टी शोधत बसण्यापेक्षा एकदम 20 दोलनांचा वेळ घ्या, स्टॉपवॉच दाबण्यातली चूक 20 ने भागली जाते.

मॉन्टे कार्लोला कॉम्प्युटर लागतो. प्रत्येक माप त्याच्या ± नुसार रँडम निवडून सूत्रात घालायचं, हे लाखभर वेळा करायचं आणि आलेल्या उत्तरांचा पसारा बघायचा. साध्या सूत्रांना एवढं करायची गरज नाही, पण cosθ मध्ये θ = 0° ± 5° असेल तर तिथे डेरिव्हेटिव्ह (θ जरा हलला तर cos किती हलतो तो दर) शून्य, आणि क्वाड्रेचरचं सूत्र θ च्या एररला त्याच दराने गुणतं, म्हणून ते एररही शून्य सांगतं, आणि ते साफ चूक आहे, कारण 5° ला cos 0.996 होतो आणि उत्तर फक्त खालीच सरकतं. असा एकतर्फी पसारा मॉन्टे कार्लोत लगेच दिसतो.

कुठलीही पद्धत घ्या, सगळे ± एकाच जातीचे हवेत. पट्टीचं ±0.5 मिमी ही हद्द असते, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरतात ते माप) नव्हे, क्वाड्रेचरमध्ये घालण्याआधी ते √3 ने भागून 0.29 मिमी करून घ्या.