ड्रॉइडच्या आवाजासाठी प्युअर डेटा: आठ महिने वापरल्यानंतर

दिवाळीत आमच्या सांगलीच्या घरी गुडघ्याएवढा ड्रॉइड, म्हणजे सिनेमातल्यासारखा यंत्रमानव, उभा राहिला. अंग पीव्हीसी पाइपचं, डोकं स्टीलच्या पातेल्याचं. डोकं फिरायचं, दिवे लागायचे, पण आवाज नव्हता. नेटवरचे तयार बीप घालून पाहिले. दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांना पाठ झाले. मग लॅपटॉपवर प्युअर डेटा हे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर घेतलं. तेव्हापासून आठ महिने जवळजवळ रोज वापरतोय.

मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स आहे. इथे कोडच्या ओळी नाहीत. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि तारांनी जोडायच्या. ‘ओएससी’ चौकट सूर काढते, गुणाकाराची चौकट तो लहान-मोठा करते, ‘डीएसी’ स्पीकरला देते. पहिला आठवडा जड गेला, कारण उघडलं की समोर नुसती कोरी खिडकी. पण सर्किट जोडायची सवय असलेल्याचा हात यात लवकर बसतो. कुठल्याही चौकटीवर राइट क्लिक करून ‘हेल्प’ दाबा, चालतं उदाहरण उघडतं. मी निम्मं त्यावरच शिकलो.

सुरुवातीला दर १५० मिलिसेकंदाला एक यादृच्छिक सूर वाजवत होतो. आवाज यंत्राचा यायचा, पण कोणी बोलतंय असं वाटेना. उलगडा मिरजेत झाला. मावशीचा तानपुरा जवारीसाठी (घोडी घासून नाद नीट करण्यासाठी) सतारमेकर गल्लीत दिला होता. तिथे एक कारागीर सतार तपासत होते. एकदाच छेडलेली तार पडद्यावर ओढत त्यांनी तीन-चार सुरांची मींड घेतली, म्हणजे सूर न तोडता एकातून दुसऱ्यात नेला, आणि ती तार मला अगदी विनवणी केल्यासारखी वाटली.

घरी येऊन सूर असाच सलग चढवणारी-उतरवणारी ‘लाइन’ चौकट लावली. ६०० हर्ट्झवरून १४०० वर १८० मिलिसेकंदांत चढवला की प्रश्न. ९०० वरून ३५० वर सावकाश उतरवला की रुसवा. कोणालाही सांगावं लागलं नाही. आवाजाची पातळीसुद्धा १०-२० मिलिसेकंदांत चढवा-उतरवा, नाहीतर प्रत्येक बीपला ‘टक्’ ऐकू येतं.

सगळ्यात आवडलेली चौकट म्हणजे ‘सिगमंड’. ती माइकमधल्या बोलण्याची पट्टी ओळखते. तो आकडा ‘एमटॉफ’मधून हर्ट्झमध्ये बदलून ‘ओएससी’ला द्यायचा. मुलीने माइकमध्ये “काय करालायस?” विचारलं आणि ड्रॉइडच्या शिट्टीत आपल्या सांगलीचा हेल जसाच्या तसा उतरला! १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या आर-टू-डी-टू या ड्रॉइडसाठी ध्वनिकार बेन बर्ट यांनी एआरपी २६०० सिंथेसायझरबरोबर स्वतःचा आवाज का मिसळला, ते मला त्या दिवशी नीट समजलं. एक काळजी घ्या: सूर सापडला नाही की ही चौकट उणे १५०० आकडा देते. तो ‘मोझेस’ या लहान-मोठे आकडे वेगळे करणाऱ्या चौकटीने अडवा, नाहीतर शब्दांच्या मधल्या जागी सूर कोसळतो.

खरखरीत, धमकावणारा आवाज हवा असेल तर बोलणं ३० हर्ट्झच्या सुराने गुणा. ब्रिटिश टीव्हीवरच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या डॅलेक या खलनायकांचा आवाज असाच, रिंग मॉड्युलेशनने केलेला. आमच्या घरी तो कोणाला रुचला नाही.

त्रासही आहे. पॅच, म्हणजे चौकटींची जोडणी, वाढला की तारांचं जाळं होतं, म्हणून भाग सुरुवातीपासूनच सबपॅचमध्ये (आतल्या वेगळ्या खिडकीत) टाका. हेडफोनवर छान वाटलेले खालचे सूर तीन इंची स्पीकरवर गायब झाले. आता सगळं ५०० ते ३००० हर्ट्झमध्ये ठेवतो. पॅचमधून १६-बिट मोनो वेव्ह फाइल काढून मेमरी कार्डवर घालतो. मान फिरली की स्पीकर घरघरायचा. मान फिरवणाऱ्या सर्व्हो मोटरला वेगळा व्होल्टेज रेग्युलेटर दिल्यावर ते थांबलं.

दहा-बारा बीपच हवे असतील तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं ‘चर्प’ पुरे. सुरुवातीची आणि शेवटची वारंवारिता भरली की झालं. पण ड्रॉइडने आपल्या घरातल्यासारखं बोलावं असं वाटत असेल, तर प्युअर डेटाला महिनाभर द्याच. माझ्या कार्डवर आता ४६ आवाज आहेत. सध्या ‘नॉइज’ चौकटीची खरखर आणि ठरावीक पट्टीतलेच सूर पुढे सोडणारा बँडपास फिल्टर यांतून त्याचा सुस्कारा घडवतोय, मुलगी ऐकते आणि म्हणते, “बाबा, अजून दमलेला वाटत नाही.”