आयन चेंबर सर्व्हे मीटर: एक्स-रे रूमसाठी उत्तम, पण पावसाळ्यात लाड करून घेणारा

निकाल आधीच सांगते. एक्स-रे, सीटी, मॅमोग्राफीच्या खोल्यांबाहेर रेडिएशन मोजणं हे तुमचं नेहमीचं काम असेल, तर साध्या हवेचा, म्हणजे व्हेंटेड, आयन चेंबर मीटर घ्या. हरवलेला किरणोत्सर्गी सोर्स शोधायचा असेल किंवा टेबलावर काही सांडलंय का एवढंच बघायचं असेल, तर जीएम (गायगर-म्युलर) ट्यूबचा, म्हणजे टिकटिक करणारा, मीटर जास्त तिखट आणि कित्येक पट स्वस्त आहे. उगाच खर्चात पडू नका.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, राहते डोंबिवलीत आणि कामं दादर-परळपासून थेट मीरा रोडपर्यंत असतात. मीटर खांद्यावरच्या बॅगेतून लोकलनेच फिरतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं जवळजवळ सगळं या जातीच्या कुठल्याही मीटरला लागू आहे.

छोट्या क्लिनिकमध्ये गेलं की टेक्निशियन हमखास आपल्या कपाटातला जीएम मीटर काढून दाखवतो. "मॅडम, आमच्याकडे दाराबाहेर काहीच येत नाही, बघा." येत नाही असं नाही, त्या मीटरला दिसत नाही. जीएम ट्यूब एकेक कण मोजते आणि प्रत्येक टिकटिकीनंतर साधारण १०० मायक्रोसेकंद बहिरी असते. त्यात छातीचा एक्स-रे सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, कधी त्याहूनही लवकर, उरकतो आणि मीटर मात्र काही सेकंदांची सरासरी काढत बसतो. रेडिओथेरपीच्या लिनॅकजवळ (कॅन्सरवर किरणोपचार करणाऱ्या मशीनजवळ) तर अजूनच गंमत. तिथे बीम काही मायक्रोसेकंदांच्या पल्समध्ये येतो. एका पल्समध्ये कितीही फोटॉन आले तरी ट्यूब फार तर एकच मोजणार. उलट फिल्टर न लावलेली जीएम ट्यूब ६०-८० केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या किरणांना खऱ्याच्या कित्येक पट आकडा दाखवते. म्हणजे एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त, आणि दोन्ही चुका एकाच खोलीत.

आयन चेंबर मोजदादीच्या भानगडीत पडत नाही. आतल्या हवेत जेवढे आयन तयार झाले तेवढे सगळे व्होल्टेज लावून इलेक्ट्रोडवर ओढायचे आणि जो करंट येईल तो वाचायचा. हवेत एक आयनजोडी तयार व्हायला सरासरी सुमारे ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हा हिशेब ऊर्जेनुसार फारसा बदलत नाही, म्हणून एक्स-रेच्या पट्ट्यात याचा आकडा विश्वासाचा.

आता या गुणाची किंमत. साधारण ३५० घन सेंटिमीटरचा चेंबर घ्या आणि ताशी १० मायक्रोसिव्हर्टच्या (सिव्हर्ट म्हणजे शरीराला मिळणाऱ्या डोसचं एकक) जागी धरा. करंट येतो ३० फेम्टोअँपिअरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला दोनेक लाख इलेक्ट्रॉन. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण इन्सुलेटरवर नुसता ओलसर हात लागला तरी याहून जास्त करंट गळतो. आणि व्हेंटेड चेंबर बाहेरचीच हवा आत घेतो. जूनमध्ये मुंबईची हवा आत गेली की कुरकुरीत पापड सादळावा तसा इन्सुलेटर सादळतो. मग कोणी एक्सपोजर देत नसतानाही आकडा वर रांगत राहतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मशीनवालेच घाबरले होते.

उपाय साधे आहेत, पण नेमाने करावे लागतात. बहुतेक मीटरमध्ये सिलिका जेलची नळी किंवा पुडी असते. ती निळ्याची गुलाबी झाली, किंवा नवीन प्रकारात केशरीची फिकट झाली, की ओव्हनमध्ये शंभराच्या वर तापवून कोरडी करायची. पावसाळ्यात मी मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात, वेगळ्या सिलिका जेलसोबत ठेवते. ब्रोशरमध्ये कुठेच नसलेला एक धोका मात्र एसीचा आहे. सीटी रूम गारठलेली, बाहेरची व्हरांड्यातली हवा दमट. थंड मीटर झटकन बाहेर काढलात तर त्यावर दव धरतं. आधी बाहेरचे सगळे पॉइंट घ्या, मग आतले. उलटा क्रम लावायचाच असेल तर मीटर बॅगेत बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

वापराबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते: इंटिग्रेट मोड, म्हणजे एकूण डोस साठवून दाखवणारा. क्षणाक्षणाचा दर दाखवणाऱ्या रेट मोडमध्ये हा मीटरही छोट्या एक्सपोजरला फसतो, कारण त्यालाही स्थिरावायला काही सेकंद लागतात. सेल्समन डेमोला नेहमी रेट मोडच दाखवतात. फँटम (रुग्णाच्या जागी ठेवायचा ठोकळा) ठेवा, फील्ड (किरणांचा झोत) मोठं उघडा, १०० केव्ही (एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज) लावा आणि साठलेला डोस वाचा. समजा १०० एमएएसला (ट्यूबचा करंट गुणिले वेळ, म्हणजे किरण किती सोडले त्याचं माप) दाराच्या फटीपाशी ०.४ मायक्रोसिव्हर्ट आला. आकडा लहान आहे, डॉक्टर हसून सोडून देतील. पण आठवड्याचा वर्कलोड ६,००० एमएएस असेल तर तिथे आठवड्याला २४ आणि वर्षाला बाराशेच्या वर मायक्रोसिव्हर्ट होतात. सामान्य माणसासाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे १,०००. त्या फटीसमोर रिसेप्शनिस्टची खुर्ची दिवसभर असेल तर शिसं वाढवायलाच हवं. नुसता जायचा-यायचा पॅसेज असेल तर हिशेब वेगळा. मुंबईत जागेची ओढाताण अशी की खुर्ची नेमकी तिथेच असते. आकडा फारच लहान येत असेल तर एका एक्सपोजरवर विसंबू नका, पाच-सहा एकत्र साठवा आणि तेवढ्याच वेळातली गळती वजा करा.

"प्रेशराइज्ड चेंबरच का घेत नाही?" असं विक्रेते विचारतात. त्यात हवा कित्येक अॅटमॉस्फिअर दाबाने कोंडलेली असते, त्यामुळे करंट जास्त येतो, कमी पातळी चटकन दिसते आणि दमट हवेचा त्रासही कमी. खरं आहे सगळं. पण दाब पेलायला भिंत जाड लागते आणि मॅमोग्राफीचे २८ केव्हीचे मऊ किरण त्या भिंतीतच मुरतात. व्हेंटेडची पातळ खिडकी उघडली की तेही मोजता येतात. माझ्या कामात मॅमोग्राफी भरपूर, म्हणून माझी निवड ठरलेली. फक्त सीटी आणि कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) करणाऱ्याने खुशाल प्रेशराइज्ड घ्यावा.

"व्हेंटेडला हवामानाचं करेक्शन लागतं" ही भीतीही जरा फुगवलेली आहे. पुण्याला गेलात तर उंचीमुळे हवा विरळ, आकडा सुमारे सहा टक्के कमी येईल. २० अंशांच्या खोलीतून ३२ अंशांच्या गॅलरीत आलात तर चार टक्के. लिनॅकचा आउटपुट ०.६ सीसीच्या फार्मर चेंबर नावाच्या छोट्या आयन चेंबरने काढताना आम्ही एकेका टक्क्यासाठी भांडतो, तिथे हे करेक्शन सक्तीचंच. भिंतीबाहेरच्या सर्व्हेत एवढ्याने निर्णय बदलत नाही.

तक्रारी आहेत. खिडकीचा पापुद्रा इतका नाजूक की झाकण उघडं ठेवून बॅगेत टाकलात तर किल्लीच्या टोकाने फाटेल. मीटर आपटला, नुसता जोरात ठोकला, तरी आकडा उडी मारतो. चालू केल्यावर दोन मिनिटं थांबावं लागतं आणि तेवढ्यात कोणीतरी "झालं का, मॅडम?" विचारतंच.

घेताना एक गोष्ट नक्की मागा. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट बहुतेक वेळा फक्त सिझियम-१३७ च्या ६६२ केईव्हीवर येतं, आणि आपलं काम त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास चालतं. एक्स-रेच्या ऊर्जांवरचा रिस्पॉन्स लेखी मिळत असेल तरच चेक फाडा. आणि शक्य असेल तर डेमो जुलैत मागवा.