घरगुती माइनिंगसाठी १२० व्होल्ट की २४० व्होल्ट?

उत्तर अमेरिकेतील बहुतेक घरांत दोन्ही दाबांची सोय असते: भिंतीवरच्या नेहमीच्या सॉकेटमध्ये १२० व्होल्ट आणि कपडे वाळवण्याच्या यंत्रासारख्या जड उपकरणांसाठी २४० व्होल्ट. घरी माइनिंग, म्हणजे संगणकाकडून अहोरात्र गणिते करवून बिटकॉइनसारखे आभासी चलन मिळवण्याचा उद्योग, करू पाहणारे यांतून निवड करताना आधी विजेच्या बिलाकडे पाहतात; माझ्या मते तिथेच गफलत होते. मीटर युनिट मोजतो. दाब दुप्पट झाला की प्रवाह निम्मा होतो आणि वॅट जवळपास तेवढेच राहतात. यंत्रातल्या पॉवर सप्लायची कार्यक्षमता २४० व्होल्टवर एखाद-दोन टक्क्यांनी वाढते खरी, पण १२०० वॅटच्या रिगवर (माइनिंगसाठी जुळवलेल्या संगणकावर) दोन टक्के वाचले तरी दिवसाकाठी सुमारे अर्धा युनिट हाती लागतो.

खरा प्रश्न सर्किट किती पेलते, हा आहे. तिथल्या विद्युत नियमांनुसार तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ सलग चालणारा भार सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांत बसवावा लागतो, आणि माइनिंग तर अहोरात्र चालते. म्हणजे १५ अँपिअरच्या १२० व्होल्ट सर्किटवर १४४० वॅट, २० अँपिअरच्या सर्किटवर १९२० वॅट. तेच २० अँपिअर २४० व्होल्टवर मिळाले तर ३८४० वॅट. शिवाय तीच शक्ती त्याच जाडीच्या तारेतून निम्म्या प्रवाहाने गेली, तर तारेतली उष्णता चौथ्या हिश्शावर येते. रिग काही तास चालल्यावर प्लग हाताला चांगलाच गरम लागत असेल किंवा सॉकेटची कड तपकिरी पडली असेल, तर रिग तत्काळ बंद करावी.

ग्राफिक्स कार्डांची एकच रिग असेल आणि तिच्या सर्किटवर दुसरे काही नसेल, तर १२० व्होल्ट पुरेसे आहेत. उगाच खर्चात पडू नये. मोठ्या एसिक यंत्राच्या, म्हणजे फक्त माइनिंगसाठीच बनवलेल्या यंत्राच्या, बाबतीत मात्र बहुधा निवडीला वावच उरत नाही. अँटमायनर एस१९ हे यंत्र सुमारे ३२५० वॅट घेते आणि त्याला २०० ते २४० व्होल्टच लागतात. काही सदनिकांमध्ये २४० ऐवजी २०८ व्होल्ट मिळतात. त्यावरही ते चालते, पण प्रवाह साडेतेरावरून साडेपंधरा अँपिअरवर जातो, आणि २० अँपिअरच्या सर्किटची सलग भाराची मर्यादा १६ आहे.

खोलीतली उष्णता मात्र दोन्हीकडे तितकीच. एस१९ लावणे म्हणजे दीड किलोवॅटचे दोन हीटर रात्रंदिवस चालू ठेवणे होय, आणि वर त्याचा आवाज आहेच.

२४० व्होल्टची नवी लाइन घ्यायची तर दोन खांबी ब्रेकर (ब्रेकरच्या पॅनेलमध्ये लागून दोन जागा घेणारा), योग्य जाडीची तार आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन हा खर्च आलाच. म्हणून यंत्र मागवण्याआधी पॅनेलमध्ये लागून दोन जागा रिकाम्या आहेत का आणि घराचा मुख्य ब्रेकर एवढा वाढीव भार पेलेल का, हे त्याच्याकडूनच तपासून घ्यावे.