अण्णांच्या पायाची जखम, ३६ सिटिंग आणि दारातली पाटी

गेल्या श्रावणात तिसऱ्या सोमवारी अण्णांनी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी केली. तळव्यात खडा रुतला, पण वीस वर्षांच्या शुगरने पाय बधिर, त्यांना कळलंच नाही. मोज्यावर डाग दिसला तोवर जखम हाडापर्यंत गेलेली. सडलेलं मांस काढून महिनाभर ड्रेसिंग केलं, तरी भरेना. मग सर्जनने ऑक्सिजन चेंबर सांगितलं, म्हणजे बंद पेटीत जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. सिटिंगचे अडीच हजार, ३६ सिटिंग. हिशेब तुम्हीच करा.

पहिल्या दिवशी कसारा घाटात बसतात तसे कानाला दडे बसले. नाक धरून फुंकायला शिकवल्यावर बरं वाटलं. आत सुती कपडेच, तेल-व्हॅसलिन-मोबाईल बंद. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी म्हणजे आग. यात तिथले लोक कडक आहेत, ते बरंच आहे. शुगर मात्र एकदा न तपासताच आत घेतलं आणि ती ६८ वर उतरली. दीड तास दाबाखाली शुगर घसरते, तेव्हा तपासायला तुम्हीच सांगा.

पण माझा खरा राग दारातल्या पाटीवर आहे: ‘चपला बाहेर काढा’. ज्याच्या तळव्याला भोक पडलंय, त्याला रोज वीस पावलं फरशीवर अनवाणी चालवायचं? पंधरा सिटिंगनंतर जखम तशीच, आणि मी पैसे बुडाले असं धरून चालले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारलं, “पायावरचा भार कुणी काढला?” कुणीच नाही! तळव्यावरचा भार काढणारा गुडघ्यापर्यंतचा बूट आला, चार हजारांचा, आणि तीन आठवड्यांत लाल दाणेदार मांस दिसायला लागलं. फाल्गुनात जखम मिटली.

म्हणून चेंबरला नावं ठेवत नाही, मत बदललंय. स्वीडनमधल्या, २०१० साली छापलेल्या ९४ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरात चेंबरमध्ये ऑक्सिजन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांची जखम भरली, तेवढ्याच दाबाखाली साधी हवा घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांची. २०१८च्या डच अभ्यासात १२० रुग्णांत मात्र ठळक फरक निघाला नाही. आमच्याकडे ऑक्सिजनने केलं की बुटाने, हे सांगता येणार नाही. पण चार हजारांचा बूट नव्वद हजारांच्या आधी यायला हवा होता, हे मी ठामपणे सांगते.

आणखी एक, सिटिंगच्या काळात अण्णांना लांबचं धूसर दिसायला लागलं. चष्मा लगेच बदलू नका; आमचा नंबर दोन महिन्यांत परत जागेवर आला.

परवा तपासणीला गेलो तर पाटी तशीच होती. अण्णांचा हात धरून मी त्यांना बुटासकट आत नेलं.