फ्लॉरेन्सची बाळं की पिस्तोयाची पट्टी?

एकीकडे बाळांची शिल्पं, दुसरीकडे भिंतीवरची लांब शिल्पपट्टी. दोन्ही इटलीच्या टस्कनी भागातली, दोन्ही ग्लेझ केलेल्या, म्हणजे चकचकीत लेप दिलेल्या टेराकोटाची (भाजलेल्या मातीची), आणि दोन्ही धर्मादाय संस्थांच्या दर्शनी भागावर, म्हणजे गरिबांना दारातच दिसतील अशी. फ्लॉरेन्सच्या ओस्पेदाले देल्यी इनोचेन्ती या अनाथाश्रमावर शिल्पकार अँड्रिया देल्ला रोब्बियाने साधारण 1487 मध्ये निळ्या गोलांत पांढरी बाळं बसवली, बाळंत्यात घट्ट गुंडाळलेली, हात पसरलेली. बास, एवढंच. दाता नाही, संत नाही, फक्त ज्याला गरज आहे तो जीव. इमारत वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीची, पैसा रेशीम व्यापाऱ्यांच्या गिल्डचा (संघाचा), पण त्यांचा तोरा या बाळांत कुठेच नाही, आणि मला हेच फार भिडतं.

पिस्तोयाच्या ओस्पेदाले देल चेप्पो या हॉस्पिटलची पट्टी त्याच्या बरोबर उलट, नुसती गर्दी! शिल्पकार सांती बुल्योनीने 1520 च्या दशकात ख्रिस्ती धर्मात सांगितलेली दयेची सात कामं रंगीत करून मांडलीत, उघड्यांना कपडे, भुकेल्यांना अन्न, कैद्यांची भेट, मेलेल्यांना मूठमाती, आणि हॉस्पिटलचा प्रमुख लिओनार्दो बुओनाफेदे स्वतः या दृश्यांत मठवासीयाच्या पोशाखात हजर. म्हणजे ज्याने काम करून घेतलं तोच दानशूर म्हणून भिंतीवर, हे मला थोडं खटकतं खरं, पण गरिबांचे चेहरे बघा, थकलेले, हाडं दिसणारी शरीरं, प्रत्येक जण वेगळा, असं फ्लॉरेन्समध्ये नाही मिळत. शेवटचं तहानलेल्यांचं पॅनल मात्र फिलिप्पो पालादिनीने 1580 च्या दशकात केलं, ग्लेझशिवाय, आणि फरक लगेच कळतो.

एकच बघायचं असेल तर मी पिस्तोया म्हणेन. तिथे मदत नेमकी कशी व्हायची ते दिसतं.